बोगार्ट की कॅग्नी?

दोघेही हॉलिवूडचे जुने नट, 1899 सालचे, न्यूयॉर्कचे आणि वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या पदरचे. पण हम्फ्री बोगार्ट सर्जनचा मुलगा, खात्यापित्या घरातला. जेम्स कॅग्नी खरा गरीब वस्तीतला, आणि मुळात नाचणारा! म्हणूनच त्याचा पडद्यावरचा गुंड कायम चवड्यांवर. कधी झेपावेल नेम नाही. 1931 च्या ‘द पब्लिक एनिमी’त न्याहारीच्या टेबलावर तो बाईच्या तोंडावर अर्धं ग्रेपफ्रूट दाबतो, ते आजही अंगावर येतं.

तेव्हा बोगार्टला कुणी विचारत नव्हतं. 1939 च्या ‘द रोअरिंग ट्वेन्टीज’मध्येही तो कॅग्नीच्याच हातून मरतो. 1941 च्या ‘द माल्टीज फाल्कन’ने फासे पालटले: सिगारेट वळता वळता समोरच्याला जोखणारा डिटेक्टिव्ह. कॅग्नीचा आवाका मोठा (ऑस्कर मिळालं तेही नाचगाण्याच्या भूमिकेला), पण पुन्हापुन्हा बघायला मला बोगार्टच लागतो.