स्नायुतंतूची प्रतिकृती: फूटपट्टी लावून पाहावी अशी, मात्र एका जागी चुकलेली

अकरावीला जीवशास्त्र शिकवताना ऐच्छिक स्नायूंचे आकुंचन फळ्यावरच्या आकृतीने पुरेसे उलगडत नाही, म्हणून जूनमध्ये परळच्या एका दुकानातून, जिथे वैद्यकीय विद्यार्थी सांगाडे आणि तक्ते घ्यायला येतात, मी स्नायुतंतूची दोन भागांची प्रतिकृती साडेचार हजार रुपयांना घेतली. दोन महिने ती वर्गात वापरल्यावर हे लिहीत आहे.

पहिला भाग म्हणजे एका स्नायुतंतूचा छेद. कडेला सरकलेली अनेक केंद्रके आणि मायोसिन या प्रथिनाच्या प्रत्येक जाड धाग्याभोवती षटकोनात मांडलेले ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे सहा बारीक धागे नेटकेपणाने दाखवले आहेत. रंग टिकाऊ आहेत.

खरे मोल दुसऱ्या भागाचे आहे. लाकडी फळीवर सरकणारा एकच सार्कोमिअर, म्हणजे स्नायुतंतूतील आकुंचन पावणारे सर्वांत लहान एकक, प्रत्यक्षाच्या एक लाख पट मोठा. विश्रांतीच्या स्थितीत तो २२ सेंटीमीटर भरतो, म्हणजे स्नायूत २.२ मायक्रोमीटर. मी मुलांच्या हाती फूटपट्टी दिली आणि दोन्ही झेड-रेषा, म्हणजे सार्कोमिअरच्या दोन टोकांच्या सीमारेषा, आत सरकवून अंतर २० सेंटीमीटरवर आणायला सांगितले. कडेचे फिकट पट्टे तीनवरून दोन सेंटीमीटरवर आले, मधली दोन सेंटीमीटरची मोकळी जागा नाहीशी झाली, पण मायोसिनचा गडद पट्टा आधीही १६ होता आणि नंतरही १६च राहिला. धागे आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात, हे त्या एका मोजणीने मुलांना पटले. १९५४ साली अँड्र्यू हक्सली व निडरगर्के आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन या दोन स्वतंत्र जोड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली याच पट्ट्यांच्या मोजमापांवरून सरकत्या धाग्यांचा सिद्धान्त मांडला होता. (आडनाव एकच असले तरी दोन्ही हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हते.)

आकुंचनाची सुरुवात मात्र ही प्रतिकृती दाखवत नाही. कॅल्शियम बारीक धाग्यावरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटल्यावर ॲक्टिनला झाकणारे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन बाजूला होते आणि मगच मायोसिनची डोकी, म्हणजे जाड धाग्यातून बाहेर आलेली टोके, ॲक्टिनला धरून ओढतात, हे सारे तोंडी सांगावे लागते. ती पकड सुटण्यासाठीही नवा एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, लागतो, आणि मृत्यूनंतर शरीर ताठरते ते एटीपी संपल्यामुळे, हे सांगितल्यावर वर्गात अगदी शांतता पसरते. डोकी निदान बिजागरीवर हलती ठेवली असती तर हा टप्पाही हाताने करून दाखवता आला असता.

माझी खरी तक्रार पहिल्या भागाबद्दल आहे. सोबतच्या पत्रकावर मानवी स्नायू असे छापले आहे, परंतु विद्युत संदेश आत नेणाऱ्या आडव्या नलिका झेड-रेषेवर बसवल्या आहेत. ती रचना बेडकाच्या स्नायूत असते. माणसाच्या स्नायूत या नलिका गडद आणि फिकट पट्ट्यांच्या सीमेवर, म्हणजे प्रत्येक सार्कोमिअरमध्ये दोन ठिकाणी असतात. दुकानदारांनी माझे म्हणणे सौजन्याने ऐकून घेतले, पण माल जसा येतो तसाच विकला जातो, असे सांगून बदलून देण्यास नकार दिला. परीक्षेच्या आकृतीत मुले हीच चूक उतरवतील, या काळजीने मी योग्य जागी पिवळ्या चिकटपट्टीच्या बारीक रेघा लावल्या आणि पत्रकावरचे ‘मानवी’ हे विशेषण शाईने खोडले.