काउंटर-स्ट्राइक २: आठ महिने धुरात

पहिल्या रात्रीचं माझं मत: जुन्याच घराला नवा रंग दिलाय. मिराज हा मॅप तोच, एके रायफल तीच, आणि माझा नेमही तेवढाच वाकडा. दोन संघांचा हा गोळीबाराचा गेम, एकाने बॉम्ब लावायचा, दुसऱ्याने अडवायचं; २७ सप्टेंबर २०२३ ला तो आला तो थेट आधीच्या ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’च्या जागीच, फुकट अपडेट म्हणून. जुने स्किन, म्हणजे बंदुकांची रंगरूपं, सगळे शाबूत. त्यामुळे नवीन काही हाती आलंय असं वाटलंच नाही. आता आठ महिने खेळून झालेत आणि ते मत मी गुपचूप मागे घेतलंय. कारण एकच, स्मोक, म्हणजे धूर सोडणारा ग्रेनेड.

पूर्वी स्मोक म्हणजे पडदा. एकदा पडला की पडला. शिवाय प्रत्येकाच्या स्क्रीनवर तो थोडा वेगळा दिसायचा, म्हणून एकतर्फी बघायच्या जागा लोकांनी पाठ करून ठेवल्या होत्या. त्या लोकांत मीही होतो. आता धूर सगळ्यांना सारखाच दिसतो, दारातून नि जिन्यावरून पसरतो, आणि गोळ्या झाडल्या की त्यात फट पडते. एचई, म्हणजे स्फोटाचा ग्रेनेड, फेकला तर क्षणभर अख्खं भगदाड. पहिले दोन महिने मी स्मोकमागे निवांत बॉम्ब लावत बसायचो आणि कुणीतरी एचई टाकून मला टिपायचं. भरपूर चरफडलो. मग डोक्यात प्रकाश पडला की हे आपल्यालाही करता येतं की! हल्ली मिराजवर विंडो नावाच्या जागी स्मोक पडला की मी एक एचई राखून ठेवतो. भगदाड मिटायच्या आत मिडवर, म्हणजे मॅपच्या मधल्या भागावर, एक नजर. त्या एका सेकंदासाठी मी अजून खेळतोय म्हणा ना.

दुसरा बदल हिशोबाचा. मॅचचे जास्तीत जास्त तीस राऊंड होते त्यांचे चोवीस झाले, सोळाऐवजी तेरा जिंकले की मॅच खिशात. वाटलं, बरं झालं, झोप वेळेवर मिळेल. पण पिस्तूल राऊंड, म्हणजे प्रत्येक हाफचा पहिला राऊंड, जिथे पैसे पिस्तुलापुरतेच असतात, ते दोनचे दोनच राहिले, त्यामुळे त्यांचं वजन वाढलं. पहिला हरला, पुढच्यात हट्टाने बंदुका घेतल्या आणि तोही गेला, तर बाराच्या हाफमधले तीन-चार राऊंड गेलेच समजा. पैसे राखायचं गणित आमच्या टोळक्यात एकालाच जमतं. त्याला आम्ही खजिनदार म्हणतो आणि त्याचं ऐकत नाही.

तिसरा बदल सब-टिक: सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा हिशोब करतो (असा एक हिशोब म्हणजे टिक), पण दोन टिकांच्या मधे नेमकं कधी क्लिक केलं तेही धरतो. भिंतीआड पोचल्यावर मेलं की आमच्यात सगळे सब-टिकच्या नावाने खडे फोडतात. मीही फोडतो. माझा पिंग (सर्व्हरशी बोलायला लागणारा वेळ) चढलेला असतो त्याच रात्री हे जास्त होतं, हे मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही.

बंदूक डाव्या हातात धरायची सोय सुरुवातीला नव्हती, ती एप्रिल २०२४ मध्ये आली. आर्म्स रेस हा जुना खेळप्रकार फेब्रुवारी २०२४ मध्ये परतला. डेंजर झोन हा दुसरा प्रकार गेला तो गेलाच.

प्रीमियर या रँकसाठीच्या सामन्यांत मॅप बाद करत करत एकावर यायचं असतं. आमच्यातला एकजण दर वेळी न्यूक हा मॅप बाद करायला लावतो. न्यूकवरचा एकही स्मोक मला अजून येत नाही, तेव्हा तो एकजण कोण ते सांगायला नको.