एलआयएफचे आठ महिने: चेतापेशींचं पक्षांतर

एलआयएफ (ल्युकेमिया इनहिबिटरी फॅक्टर, पेशींना संदेश देणारं एक प्रथिन) आठ महिने वापरून मग लिहितेय. पहिल्या दीड महिन्यात लिहिलं असतं, तर 'पैसे पाण्यात' एवढंच लिहिलं असतं.

आम्ही नवजात रॅटच्या मानेतल्या सिम्पथेटिक चेतापेशी (ताणाच्या वेळी हृदयासारख्या अवयवांना हुकूम देणाऱ्या) डिशमध्ये वाढवतो. नुसत्या एनजीएफवर (चेतापेशींना जगवणारं प्रथिन) ठेवल्या की त्या नॉरॲड्रेनालिन हे संदेश-रसायन बनवतात. एलआयएफ घातलं की हळूहळू ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या संदेश-रसायनाकडे वळतात. दुकान तेच, माल दुसरा. हृदयाच्या पेशी वाढवलेल्या मीडियममुळे (पेशी ज्यात वाढतात त्या द्रवामुळे) असं होतं, हे पॅटरसन आणि चुन यांनी 1970च्या दशकातच दाखवलं होतं. त्यातला घटक म्हणजे एलआयएफ, हे 1989मध्ये कळलं. नाव मात्र ल्युकेमियावरून पडलेलं, त्यामुळे अकाउंट्सवाल्यांनी दोनदा विचारलं, "तुम्ही कॅन्सरवर कधीपासून?"

आता तक्रार, आणि ती माझ्याचबद्दल. पेशी नीट जगाव्यात म्हणून मी मीडियममध्ये पोटॅशियम वाढवून ठेवलं होतं. त्याने पेशीचं विध्रुवण होतं (पडद्यावरचा विद्युतदाब उतरतो), ती सतत कामात असल्यासारखी राहते आणि जुना धंदा सोडायला तयार होत नाही. सहा आठवडे मी एलआयएफच्या व्हायलला शिव्या घातल्या. (हे 1977 सालीच छापून आलंय. वाचायचं राहिलं.) पोटॅशियम नेहमीच्या पातळीवर आणल्यावर दोन-तीन आठवड्यांत कोलीन ॲसिटिलट्रान्सफरेज (ॲसिटिलकोलिन बनवणारं एन्झाइम) चढलं, टायरोसिन हायड्रॉक्सिलेज (नॉरॲड्रेनालिन बनवायला लागणारं) उतरलं. दोन दिवसांत निकाल हवा असेल तर हे तुमच्यासाठी नाही.

एनजीएफ बंद करू नका. पेशी जगवणं त्याचं काम, एलआयएफ फक्त धंदा बदलतं. आमच्या एका सहकाऱ्याने काटकसर म्हणून एनजीएफ गाळलं. आठवड्याच्या आत डिश जवळजवळ रिकामी. साठवण नेहमीसारखीच: छोटे भाग करून उणे 80वर, वितळवलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

मला सगळ्यात आवडला तो मधला काळ. एकाच पेशीत दोन्ही एन्झाइमं दिसतात. हृदयपेशींवर एकटीच चेतापेशी वाढवली, तर ती ठोके आधी मंदावते (ॲसिटिलकोलिनने) आणि मग वाढवते (नॉरॲड्रेनालिनने), हे हार्वर्डमध्ये 1976 साली नोंदलं गेलं होतं. आमच्याकडे तसं एकदाच दिसलं, रात्री साडेदहाला, आणि बघायला मी एकटीच.

घामाच्या ग्रंथींसाठी कुणी हे मागवत असेल, तर थांबा. तिथल्या चेतापेशीही असंच पक्षांतर करतात, पण एलआयएफचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही ते होतंच. तिथला सूत्रधार दुसरा आहे.