छत्तीस हजार तीस रुपये आणि न आलेला गिलमॅन

ऑनलाइन खरेदीत मी फसले. आधी आकडे सांगते, कारण पोलीस ठाण्यापासून माहेरापर्यंत प्रत्येकानं पहिल्यांदा तेच विचारलं. बुकिंगचे ७,५००. उरलेले २१,०००. 'कस्टम ड्युटी'चे ५,१३०. 'गोडाऊन भाडं' २,४००. एकूण ३६,०३० रुपये. त्यातले परत मिळाले शून्य.

वस्तू होती विनायलच्या दोन फिगर, प्रत्येकी अठरा इंची. डोकं मुद्दाम अवाढव्य, हातपाय आखूड, चेहरा मात्र पडद्यावरचाच. एक १९३१ च्या सिनेमातला फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, सपाट डोक्याचा आणि मानेत खिळे असलेला. दुसरा १९५४ च्या 'क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून'मधला गिलमॅन, अर्धा मासा अर्धा माणूस. "बाहुल्यांवर एवढे पैसे?" असं विचारणाऱ्यांना एकच सांगते. या कोल्हापुरात कबुतरांवर, बुलेट सजवण्यावर, पेठेच्या फुटबॉल टीमवर लोक पैसा ओततात, त्याला नाद म्हणतात आणि कौतुकानं मिरवतात. माझा नाद काचेच्या कपाटात गप उभा असतो, कुणाची झोपमोड करत नाही.

गिलमॅन मला बरीच वर्षं हवा होता. त्याचं रूप मिलिसेंट पॅट्रिक या बाईनं रेखाटलं आणि श्रेय घेतलं मेकअप विभागाच्या साहेबानं. छोटा गिलमॅन माझ्याकडे आहे, पण या प्राण्याची मजा मोठ्या आकारात असते. कल्ले, खवले, बोटांमधले पडदे हे सगळं अठरा इंचात दिसतं, पाच इंचात नुसता हिरवा बेडूक दिसतो.

विकणारा आमच्या संग्राहकांच्या ग्रुपमधलाच. पुण्याचा म्हणे. बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात ताई. ग्रुपमधल्या दोघांना त्यानं आधी लहान फिगर वेळेवर पाठवल्या होत्या. (असल्या माणसाची पहिली दोन गिऱ्हाइकं नेहमी खूश असतात, ते आमिषच असतं. कुणी "मला मिळालं की" म्हणालं तर किती रुपयांचं मिळालं ते विचारा.) आणि त्याला विषय येत होता. गिलमॅनच्या पोशाखात पाण्याखाली रिकू ब्राउनिंग आणि जमिनीवर बेन चॅपमन होता, हे त्यानं मला न विचारता सांगितलं. ऑरोरा कंपनीनं १९६४ साली काढलेल्या १९ इंची फ्रँकेन्स्टाइनच्या किटबद्दल (सुटे भाग जोडून पुतळा करायचा संच) आम्ही रात्री उशिरापर्यंत चॅट केलं. कोल्हापुरात माझ्याशी या विषयावर बोलणारं कोण आहे? एवढी माहिती असलेला माणूस चोर असेल असं तुम्हाला तरी वाटलं असतं का? आता कळतंय, ही माहिती कुणालाही दहा मिनिटांत वाचता येते.

व्हिडिओही पाठवला त्यानं. फिगर हातात घेऊन फिरवली, डोकं, पाठ, कल्ले जवळून दाखवले. तळवे दाखवले नाहीत. अस्सल मालाच्या तळव्यावर किंवा बैठकीखाली कंपनीचा आणि परवान्याचा मजकूर असतो, हे या नादातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. मी मागितला फोटो. "पॅक केलंय ताई, परत उघडलं तर बॉक्सची किंमत जाते." बॉक्सची किंमत जाते हे खरंच आहे, म्हणून मीही पुढे ताणलं नाही.

आता ज्या गोष्टीनं अजून रात्री जाग येते ती. दोन्ही हप्ते गेल्यावर त्याचा मेसेज आला की माल मुंबईत कस्टमला अडकलाय, १८ टक्के ड्युटी भरायची आहे. २८,५०० वर ५,१३०. मी शाहूपुरीतल्या एका पेढीवर हिशेब बघते. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर टक्केच असतात. परदेशी खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० साली २० वरून ६० आणि २०२३ साली ७० टक्के झाली, तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी मीच होते. सत्तर टक्क्यांनी १९,९५० होतात, तेही नुसती ड्युटी, जीएसटी वेगळा. आणि हा माणूस ५,१३० मागतोय. मला काय वाटावं? स्वस्तात सुटलो! मनात हिशेबही जुळवला की खेळणी म्हणून न दाखवता यानं प्लास्टिकच्या शोभेच्या वस्तू म्हणून दाखवलं असेल, त्यांचा कस्टमचा कोड वेगळा, दर वेगळा. त्याला खोटं रचायचीसुद्धा गरज पडली नाही, ते मीच रचून दिलं. पण एक सांगते, धंद्यात माल या कोडमधून त्या कोडमध्ये सरकवणारे मी रोज बघते, त्यामुळे हे अशक्य वाटलं नाही. वेंधळेपणा म्हणणाऱ्यांनी जरा माझ्या टेबलावर येऊन बसावं.

ड्युटी कधीही विकणाऱ्याच्या यूपीआयवर भरायची नसते. बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयात मालाच्या कस्टम कागदाचा नंबर मागा आणि कस्टमच्या आइसगेट साइटवर टाकून बघा. नंबर नाही तर पैसे नाहीत.

मग गोडाऊन भाडं, तेही दिलं. मग 'इन्शुरन्स'चे ४,८०० मागितले, तेव्हा मी मागच्या पैशांच्या पावत्या मागितल्या. पीडीएफ आली. वर सिंहाची मुद्रा, खाली गोल शिक्का, सही सुद्धा. जीएसटी नंबर वाचताना माझं बोट सवयीनं अक्षरांवरून फिरलं. पंधरा हवेत, चौदा होते. परत मोजले. चौदाच. त्याला तेवढंच लिहिलं, "नंबरात एक अक्षर कमी आहे." निळ्या दोन रेघा आल्या आणि त्याचा फोटो गायब झाला.

आणि मग आपली यंत्रणा. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, ती लागेपर्यंत संध्याकाळ गेली. लागला तेव्हा बाईनं नीट लिहून घेतलं, तक्रार क्रमांक दिला, तिच्याबद्दल तक्रार नाही. फसलात तर घरच्यांना सांगायच्या आधी हा नंबर फिरवा, पैसा खात्यातून पुढे सरकायच्या आत. माझ्या रकमेतले १,८७० कुठल्याशा बँकेत गोठवलेत म्हणे, आणि ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. १,८७० साठी वकील करू?

बँकेत गेले. ऑनलाइन फसवणुकीत ग्राहकाची जबाबदारी किती, यावरचं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं. काउंटरवरच्या पोरानं न वाचताच परत दिलं. "मॅडम, ते परवानगीशिवाय पैसे गेले तर. तुम्ही स्वतः पिन टाकलाय." म्हणजे चोरानं फोन हिसकावला असता तर माझी बाजू भक्कम होती! पैसे ज्या खात्यात गेले ते उघडताना कुणाची कागदपत्रं घेतली, हे विचारलं तर उत्तर एकच, ती दुसरी बँक.

पोलीस ठाण्यात तर करमणूकच झाली. हवालदारांनी अर्ज वाचला, वर बघितलं, परत वाचला. "राक्षसाचे दोन पुतळे. मूर्तीचोरी हाय काय?" मागचे दोघे हसले. मग, "बाईमाणूस तुम्ही, घरात असलं कशाला ठेवताय?" मग, "खातं राजस्थानातलं, माणूस पुण्याचा, तुम्ही पुण्याला जावा." मी म्हटलं, नव्या कायद्यात गुन्हा कुठंही घडलेला असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३. त्यावर साहेब आतून म्हणाले, "शिकलेली माणसंच जास्त फसतात बघा." फसवणुकीच्या चारशेवीसचं आता न्याय संहितेत ३१८ झालं, कलम बदललं, खुर्चीतली माणसं तीच. सरतेशेवटी गुन्हा नोंदवलाच नाही, अर्जावर पोच मिळाली, तीही मी मागितली म्हणून. तुम्ही गेलात तर चॅट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, पावत्या सगळं छापून दोन प्रतींत न्या. मोबाइल दाखवला की "पाठवून ठेवा" म्हणतात आणि कुठं पाठवायचं ते सांगत नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या पैशात बापट कॅम्पातल्या कुंभारानं चार फुटी करून दिला असता, वर घरपोच. त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे काही नाही, आणि खरं तर त्यांचा हिशेब बरोबर आहे.

ग्रुपच्या अ‍ॅडमिननं माझी पोस्ट काढून टाकली, 'वाद नको' म्हणून. तोच व्हिडिओ आता दुसऱ्या एका ग्रुपवर दुसऱ्या नावानं फिरतोय. तीच टेबलावरची निळी चादर, तोच हात, अंगठ्याच्या नखाला तोच काळा डाग. जोडीचा भाव आता २६,००० केलाय आणि सांगली-इचलकरंजीकडची दोघं त्याखाली 'इंटरेस्टेड' लिहून बसलीत. दोघांनाही मेसेज केलाय. एकानं मला ब्लॉक केलं. दुसऱ्यानं त्याच्याकडे तळव्यांचा फोटो मागितलाय, अजून आलेला नाही.