थंडीतले थर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पहाटे पक्षी बघायला निघायचं म्हणजे आधी पाऊण तास चढ आणि मग दीड-दोन तास एका जागी न हलता बसणं. चढताना घामाच्या धारा, बसल्यावर हुडहुडी. कपड्यांचा खरा कस यातच लागतो. गेले आठ महिने मी चार थर आलटूनपालटून वापरतेय: अंगालगत मेरिनो मेंढीच्या लोकरीचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, त्यावर पातळ फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं जॅकेट), बसल्यावर घालायला पिसं भरलेलं जॅकेट आणि सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. 10 अंशांपासून उणे 5 अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी या कपड्यांवर काढलीय.

आधी मी सुती टीशर्टवर थेट एक जाडजूड जॅकेट चढवायचे. वर पोचेपर्यंत टीशर्ट पाठीला चिकटलेला असायचा. बसून दहा मिनिटं झाली की तोच कपडा बर्फासारखा गार पडायचा आणि दात वाजायला लागायचे. दोष जॅकेटचा समजून मी आणखी जाड जॅकेट घेतलं, तर घाम आणखी वाढला. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी उष्णता जवळपास 25 पट वेगानं वाहून नेतं. अंगाला ओला कपडा लागलेला असला तर वरून काहीही घाला, ऊब टिकत नाही. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर ते आधी अंगालगतच्या कपड्यावर घाला, असं मी कुणालाही सांगेन.

मेरिनोनं माझी पाठ वाचवली. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओल पोटात घेतो, तरी हाताला ओला लागत नाही. तंतू बारीक असल्यानं टोचत नाही आणि तीन-चार दिवस घातला तरी वास मारत नाही. माझ्याकडे 150 आणि 200 जीएसएमचे दोन आहेत, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन तितके ग्रॅम. चढ असेल तर 150 चाच बरा. पण हे कापड नाजूक आहे. सॅकचे पट्टे जिथे घासतात तिथे खांद्यावर पाचव्या महिन्यात कापड विरलं आणि आता बोट जाईल एवढं भोक आहे. कपाटात नीट ठेवलं नाही तर कसर लागते, तेही सांभाळावं लागतं. सतत सॅक पाठीवर असणाऱ्यांनी पॉलिएस्टरचा थर्मल घ्यावा. वास येतो, पण टिकतो आणि लवकर वाळतो.

फ्लीसबद्दल तक्रार नाही. त्यातून वारा आरपार जातो, पण चढताना तेच हवं असतं.

पिसांच्या जॅकेटच्या बाबतीत मात्र मी चुकले. त्यावर 800 फिल पॉवर लिहिलेलं पाहून घेतलं. हा आकडा एवढंच सांगतो की एक औंस पिसं फुलून किती घन इंच जागा व्यापतात. आत पिसं भरलीत किती, ते त्यातून कळत नाही. माझ्यात फारच थोडी निघाली. आता मी आधी विचारते, आत किती ग्रॅम पिसं आहेत? दुसरी गोष्ट, एका धुकट सकाळी खांद्यावरची पिसं भिजली, त्यांच्या गाठी झाल्या आणि तेवढ्या भागात नुसतं कापडच उरलं. पूर्ण वाळायला दोन दिवस लागले आणि मध्ये मध्ये हातानं गाठी मोकळ्या करत बसावं लागलं. कोरड्या थंडीत पिसांना तोड नाही. दमट, धुक्याच्या ठिकाणी कृत्रिम तंतू भरलेलं जॅकेट घ्या. वजन थोडं जास्त, पण भिजलं तरी बरीच ऊब धरून ठेवतं.

वरच्या पातळ जॅकेटमध्ये काखेत चेन असायलाच हवी. माझ्या पहिल्या जॅकेटला नव्हती. बाही उलटी केली की आतून घामाचे थेंब ओळीनं दिसायचे. पाऊस बाहेरून आलाच नव्हता, मी आतून भिजत होते. मापही एक नंबर मोठं घ्या, नाहीतर आतली पिसं दाबली जातात आणि त्यांची ऊब कमी होते. धुताना कापड मऊ करणारं द्रावण कटाक्षानं टाळा, त्यानं पाणी झटकण्याचा गुण जातो.

पायांसाठी मी दोन मोजे घालून पाहिले. बूट घट्ट झाला, रक्त नीट खेळेना आणि बोटं आणखी गारठली. आता एकच जाड लोकरी मोजा घालते आणि बोटं हलतील एवढा सैल बूट.

कपड्यांइतकीच वेळही सांभाळावी लागते. आता घरातून निघताना मी थोडी कुडकुडतच निघते. पहिल्या दहा मिनिटांत अंग तापतं, मग चेन उघडते, फ्लीस काढून सॅकमध्ये टाकते. वर पोचले की दुर्बीण नंतर, आधी पिसांचं जॅकेट. अंग गरम असतानाच ते चढवायचं, कारण एकदा थंडी हाडात शिरली की जॅकेटला राखायला ऊबच उरत नाही.