दांडिया बाजारातील सुपरवायझर परीक्षेचा संध्याकाळचा वर्ग

गेली चौदा वर्षे मी बडोद्यातील मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत वायरिंगची आणि पॅनेलची कामे करीत आहे. वायरमनचे परमिट सुरुवातीलाच मिळाले होते, परंतु काम संपून टेस्ट रिपोर्टवर सही करण्याची वेळ आली की कागद सुपरवायझरकडे जातो आणि अर्थिंगचा खड्डा खणण्यापासून मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) लावण्यापर्यंत सर्व काही ज्याने केले तो बाजूला उभा राहतो. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच करावे, असा नियम आहे. ते प्रमाणपत्र मिळवण्यासाठी राज्याच्या परवाना मंडळाच्या परीक्षेला बसायचे ठरवले आणि दांडिया बाजारातील एका वर्गात नाव घातले. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारही येणार आहे.

शुल्क नऊ हजार रुपये, तेही दोन हप्त्यांत. मुदत तीन महिने. आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ. खोली फरसाणाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. बाके पुरेशी आहेत, फळा मोठा आहे, आणि विजेच्या या वर्गातील एका पंख्याचा रेग्युलेटर तीनही महिने बंद होता, एवढे सांगून जागेचा विषय संपवतो.

वर्गाचे खरे भांडवल म्हणजे तेथे शिकवणारे सर. ते वीज कंपनीतून निवृत्त झालेले अभियंते आहेत. बोलतात गुजरातीत, पण आम्हा चार-पाच मराठी मंडळींकडे वळून मधूनच बडोद्याच्या वळणाच्या मराठीतही समजावतात. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी विचारले की दहा अश्वशक्तीच्या, ४१५ व्होल्टच्या मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार आणि मग डेल्टा जोडणीत चालवणारा) लावला आहे आणि पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे १४ अँपिअर आहे, तर ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त प्रवाह वाहिल्यास मोटर बंद करणारे साधन, कितीवर ठेवाल? वर्गातील बहुतेकांनी १४ सांगितले. मीही तेच सांगितले, आणि असे स्टार्टर मी किती जोडले असतील याचा मला हिशेबही नाही. सरांनी टेबलावर ठेवलेल्या जुन्या स्टार्टरचे झाकण काढले, मेन कॉन्टॅक्टरच्या खालून निघून रिलेमधून मोटरच्या टर्मिनलकडे जाणारी वायर बोटाने धरून दाखवली आणि म्हणाले, ‘ही लाइन नाही भाऊ, ही वाइंडिंगची शाखा आहे.’ डेल्टामध्ये वाइंडिंगचा, म्हणजे मोटरच्या आतील तारेच्या वेटोळ्याचा, प्रवाह लाइनच्या प्रवाहाला १.७३२ ने भागून येतो, म्हणजे येथे सुमारे ८.१ अँपिअर. रिले १४ वर ठेवली तर लाइनमधून जवळजवळ २४ अँपिअर वाहू लागेपर्यंत ती जागची हलणार नाही आणि तोवर वाइंडिंग जळून गेलेले असेल. साइटवर आम्ही झाकणाच्या आतल्या तक्त्यावरून सेटिंग करतो, त्यामुळे आजवर निभावले. परीक्षेत मात्र तक्ता नसतो. तेथे आकृती काढावी लागते, सूत्र लिहावे लागते आणि कारण द्यावे लागते. हाताला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर कारणासह उतरवायला शिकवणे, हे या वर्गाचे सर्वांत मोठे काम आहे आणि ते येथे मनापासून केले जाते.

अर्थिंगचा धडा त्यांनी खोलीत घेतलाच नाही. मे महिन्यातील एका रविवारी सकाळी सात वाजता आम्हाला अकोट्याकडील एका मोकळ्या प्लॉटवर बोलावले. तेथे अडीच मीटर लांबीच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे, अर्थिंगसाठी जमिनीत पुरलेले जुने इलेक्ट्रोड होते आणि भोवतीची काळी जमीन इतकी भेगाळलेली होती की मापनाचे स्पाइक (टोकदार सळया) ठोकताना ढेकळे सुटत होती. प्रवाहाचा स्पाइक ३० मीटरवर आणि व्होल्टेजचा स्पाइक त्या अंतराच्या सुमारे ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरच्या आसपास ठोकला. इलेक्ट्रोडच्या जमिनीशी असलेल्या रोधाचे पहिले वाचन ६.८ ओहम आले. हा रोध जितका कमी तितके अर्थिंग चांगले. मग मधला स्पाइक दीड-दोन मीटर पुढे आणि तेवढाच मागे सरकवून वाचन फारसे बदलत नाही याची खात्री करून घेतली. ही पडताळणी आमच्यापैकी एकाही माणसाने साइटवर कधी केलेली नव्हती. नंतर इलेक्ट्रोडभोवती दोन बादल्या पाणी ओतले आणि अर्ध्या तासाने तेच वाचन ५.१ वर आले. कामाच्या ठिकाणी निरीक्षक येण्याआधी पाणी ओतण्याची पद्धत सर्वांनाच माहीत आहे, त्यामुळे सगळे हसले. सरांनी मात्र शांतपणे सांगितले की १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ६१ व्या नियमाने पुरवठादाराला अर्थिंगची तपासणी कोरड्या मोसमातील कोरड्या दिवशीच करायला सांगितले होते, कारण दोषप्रवाह (बिघाड झाल्यावर जमिनीकडे वाहणारा प्रवाह) पाऊस पडायची वाट पाहत नाही. प्लेट अर्थिंगची मापे, म्हणजे तांब्याची प्लेट असल्यास ६० बाय ६० सेंटिमीटर आणि ३.१५ मिलिमीटर जाडी, ही पूर्वी मी पाठ करायचो आणि विसरायचो. त्या रविवारनंतर ती विसरलो नाही.

येथवर सगळे उत्तम होते. तक्रार आहे ती छापील नोट्सविषयी, आणि ती लहान नाही. स्पायरल बांधणीचे हे सुमारे दीडशे पानांचे बाड झेरॉक्सची झेरॉक्स आहे आणि त्यातील कायद्याचे प्रकरण जुन्या भारतीय विद्युत नियम, १९५६ वर थांबलेले आहे. ते नियम १९१० च्या कायद्याखालचे होते. पुढे २००३ चा विद्युत अधिनियम आला, त्याच्या ५३ व्या कलमाखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षेचे विनियम काढले आणि त्यांची जागा आता २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. नोट्समध्ये मात्र अजूनही नियम ४५, नियम ६१, नियम ७७ असेच आकडे आहेत. २०१० मध्येच त्यांचे अनुक्रमे २९, ४१ आणि ५८ झाले होते. नियम ७७ मधील, म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या लो व मीडियम व्होल्टेज तारेची जमिनीपासूनची उंची ५.८ मीटर आणि रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या तारेची ५.५ मीटर, ही अंतरे २०१० मध्येही तशीच राहिली हे खरे. पण आपण कोणत्या नियमाच्या आधारे उत्तर देतो आहोत हे सुपरवायझर होऊ पाहणाऱ्या माणसाला अचूक सांगता आले नाही, तर त्याच्या सहीला काय अर्थ राहिला?

ही गोष्ट व्यवस्थापकांच्या कानावर घातली तेव्हा ‘परीक्षेत हेच विचारतात’ असे उत्तर मिळाले. सरांना सांगितले तेव्हा त्यांनी चूक मान्य केली आणि पुढील दोन संध्याकाळी नवे क्रमांक फळ्यावर लिहून दिले. माणूस आणि संस्था यांतील फरक त्या दोन दिवसांत चांगलाच कळला. सराव परीक्षा चार होतील असे माहितीपत्रकात छापले होते. प्रत्यक्षात दोन झाल्या आणि दुसरीचे पेपर तपासून परत मिळालेच नाहीत. लेखी उत्तरांची सवय मोडलेल्या माणसाला नेमकी त्याचीच सर्वांत जास्त गरज असते, म्हणून ही कसूर मला नोट्सपेक्षाही जास्त खटकली.

नुकताच डिप्लोमा झालेल्या मुलाला येथील सिद्धान्ताचा भाग ओळखीचा वाटेल आणि तो कंटाळेल. त्याने नुसता अर्थिंगचा रविवार मागून घेतला तरी चालेल. माझ्यासारखा कामावर वाढलेला, शाळा सुटून वीस वर्षे झालेला माणूस असेल तर त्याने हा वर्ग जरूर लावावा, परंतु दुसरा हप्ता सराव परीक्षा पार पडल्यावरच भरावा. नोट्स गुजरातीत आहेत. येथेच वाढलेल्या मराठी माणसाला त्यांची अडचण नाही, नाशिक-पुण्याहून नव्याने आलेल्याला मात्र नक्की होईल. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर स्वतःचा आणावा. वर्गात तीन आहेत आणि त्यांतला एक वर्गमूळ काढत नाही.

माझी परीक्षा अजून व्हायची आहे, त्यामुळे निकालावरून वर्गाची पारख करीत नाही. २०२३ च्या विनियमांची प्रत मी स्वतः छापून घेतली आणि शेवटच्या दिवशी वर्गाच्या कपाटात ठेवून आलो. परवा त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा नव्या तुकडीतील दोन मुले खालच्या झेरॉक्सच्या दुकानात तीच प्रत घेऊन उभी होती.