‘आजीवन परवाना’ सांगून वर्षाचं सॉफ्टवेअर गळ्यात मारतात. जि.प. शाळांनो, सावध राहा

७८,४७० रुपये. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेचे एवढे पैसे वर्गात धडे दाखवायच्या सॉफ्टवेअरपायी गेले. त्यातले ५०,००० परराज्यात गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणाऱ्या गावच्या माणसांनी पाठवले होते, २८,४७० पालकांची वर्गणी. पहिली ते सातवी, इयत्तेमागे ९,५०० म्हणजे ६६,५००, वर १८ टक्के जीएसटी ११,९७०. माहितीपत्रकावर ठळक मराठीत ‘आजीवन परवाना’. बिलाच्या दुसऱ्या ओळीत मात्र बारीक इंग्रजीत ‘सबस्क्रिप्शन, १२ महिने’.

हे १२ महिने मोजायचे कधीपासून, यातच खरी मेख. ‘३१ मार्चच्या आत घेतलं तर सवलत’ म्हणून बिल फाडलं २८ मार्च २०२५ चं. बसवायला माणूस आला जुलैत. मुदत बिलाच्या तारखेपासून चालू होती, म्हणजे उन्हाळी सुट्टीही आमच्याच खात्यावर. वर्ष भरलं आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर सगळं कुलूपबंद. आता नूतनीकरणाला इयत्तेमागे ४,२०० मागतात. करासह ३४,६९२, आणि तेही दरवर्षी!

सगळ्यात जास्त जळतं ते पुढचं. बसवताना पडद्यावर वैधतेची तारीख स्पष्ट आली होती, २७/०३/२०२६. विचारल्यावर त्या माणसानं सांगितलं, “सर, ती सपोर्टची तारीख, परवान्याची नाही.” तोवर ४०,००० गेले होते, ३८,४७० चा चेक अजून कपाटात होता. पडद्याचा फोटो काढून ‘ही मुदत परवान्याची नाही’ एवढं एक वाक्य सहीशिक्क्यानिशी मागितलं असतं, तर तो तिथंच उघडा पडला असता. चेक गेला. पण समितीला नावं ठेवणाऱ्यांनी हेही बघावं: शाळा व्यवस्थापन समितीत बहुतेक पालक शेतकरी, एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, वर पोषण आहाराची आणि यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदींची) माहिती भरणं. इंग्रजी अटी वाचायला कोण बसणार? हे त्या विक्रेत्याला पक्कं माहीत असतं, आणि तो गिऱ्हाईक म्हणून अशाच शाळा धरतो.

तिन्ही कोटेशनं त्यानंच आणली होती. त्यातल्या दोन वेगवेगळ्या दुकानांच्या कागदांवर ‘इयत्ता’ऐवजी ‘इयता’ ही अगदी सारखीच चूक. दरपत्रकं स्वतः मागवा, पाकिटं समितीसमोर फोडा.

जीएसटी क्रमांक तर पैसे देण्याआधीच तपासा, संकेतस्थळावर फुकट होतं. १५ अक्षरांपैकी पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं पॅनची. अख्ख्या क्रमांकातलं सहावं अक्षर ‘सी’ असेल तर कंपनी, ‘पी’ असेल तर एकटी व्यक्ती. आमच्या बिलावर नाव ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहावं अक्षर ‘पी’. नोंदणी तर बिलाच्या आधीच रद्द झालेली. म्हणजे ११,९७० रुपये कर म्हणून घ्यायचा त्याला अधिकारच नव्हता.

आत काय होतं म्हणाल तर बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचे व्हिडिओ, त्यावर यांचा शिक्का. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’चं साहित्य मोफत उघडतं. पहिलीची पुस्तकं २०२५-२६ पासून बदलली, यांचे धडे जुनेच. शिवाय सॉफ्टवेअर उघडायची ‘की’ (परवान्याचा कोड) एकाच संगणकाला बांधलेली. हार्डडिस्क गेली की परवानाही गेला. डेमो त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्याच हॉटस्पॉटवर बघू नका. शाळेच्या संगणकावर, नेट बंद करून बघा.

आता दाद मागायची कुठं? तालुक्याचं शिक्षण कार्यालय म्हणतं, “लोकवर्गणीतली खरेदी, आमचा संबंध नाही.” संबंध नाही, तर याच सॉफ्टवेअरच्या जोरावर आमची शाळा तुमच्या अहवालात ‘डिजिटल’ म्हणून कशी मोजली? डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत) नोंद केली का, हे तपासायला माणूस येतो, माल खरा आहे का हे तपासायला कुणी नाही. पोलिस म्हणतात, बाब दिवाणी स्वरूपाची. रद्द क्रमांकावर कर वसूल करणं दिवाणी कसं? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ऐकवलं, चेक तुम्हीच दिलाय. बँकेचंही तेच. करखात्यानं कर बुडवल्याची तक्रार घेतली, पण परतावा आमच्या अखत्यारीत नाही म्हणाले. प्रत्येक टेबलावर पुढच्या टेबलाचं नाव. शाळेचे पैसे म्हणजे कुणाचेच नाहीत, असा यांचा समज दिसतो. ते ज्यांनी दिले त्यांना ग्रामसभेत तोंड दाखवायचंय ते मुख्याध्यापकांना, यांना नाही!

उरला रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यानुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. माहितीपत्रक, बिल, समितीचा ठराव, चेकची नोंद, पडद्याचे फोटो जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका.

नवीन खरेदी असेल तर ठरावातच लिहा: मुदत बसवल्याच्या तारखेपासून, संगणक बदलला तर ‘की’ विनामूल्य बदलून, पुस्तक बदललं तर धडेही बदलून, आणि निम्मी रक्कम एक सत्र नीट चालल्यावर. यावर सही करायला जो टाळाटाळ करेल त्याला चहा पाजून वाटेला लावा. आमचा विक्रेता सध्या नवीन नावानं फिरतोय. माहितीपत्रक तेच आहे, ‘आजीवन’ही तेच, फक्त वरचं बोधचिन्ह बदललंय.